कोकमाच्या बाटलीवर ब्रशची अक्षरं

प्रश्न : घरच्या कोकम आगळाच्या बाटलीसाठी लेबल करतेय. कोरड्या ब्रशने फराटे मारल्यासारखा एक इंग्रजी फॉन्ट आवडला. इंग्रजीत झकास दिसतो, पण ‘कोकम’ टाईप केलं की साधीच गुळगुळीत अक्षरं येतात. असं का? हाच फॉन्ट भावाच्या होडीवरच्या नावालाही चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, त्या फॉन्टात देवनागरी नाहीच. अक्षर सापडलं नाही की कॉम्प्युटर गुपचूप दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. विंडोजवर बहुधा मंगल किंवा निर्मला. मंगल हा सुलेखनकार र. कृ. जोशींचा, माझ्या लेखी मोठं काम, पण ते पडद्यावर वाचण्यासाठी केलेलं. त्याच्याकडून फराट्याची अपेक्षा कशाला?

देवनागरीत हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’ मोफत मिळतो, धंद्यालाही वापरता येतो. पण ते वळण पेनाचं. ब्रशचा एखादा मिळालाच, तर ‘कोकम’ लिहून दोन्ही ‘क’ शेजारी ठेवून बघा. दोघांच्या दांडीला एकाच जागी तीच चीर दिसली की तो हात राहिला नाही, रबरी शिक्का झाला. बऱ्या फॉन्टात एकाच अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात, ती आलटूनपालटून वापरायची. ‘स्वादिष्ट’, ‘सिंधुदुर्ग’ असे शब्दही टाका. जोडाक्षरं आणि रफार तिथेच उघडे पडतात. आणि अक्षरांमधलं अंतर ताणू नका, शिरोरेषा तुटते. हल्ली अर्ध्या मालवणात अशा तुटक्या पाट्या दिसतात, डोकं दुखतं.

खरं सांगू? एका शब्दासाठी फॉन्ट शोधूच नका. चपटा ब्रश घ्या, काळा पोस्टर कलर, खरखरीत कागद. ब्रश बुडवून आधी रद्दीवर दोनदा पुसायचा, मगच कडा फाटते. पाणी जास्त झालं तर नुसता ओघळ. आडवी रेघ एका दमात ओढा, मागे फिरून डागडुजी नको. पानभर ‘कोकम’ लिहा, त्यातला जमलेला ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. लेबलवाला पुढचं बघेल. वजन, किंमत, मुदत आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक साध्या फॉन्टात; बारीक आकारात फाटक्या कडा शाईने बुजतात.

होडीचं म्हणाल, तर रेडियम कटिंगवाला (चिकट स्टिकरची अक्षरं कापणारा) हे अक्षर बघूनच हात जोडेल. असल्या कडा मशीनने कापल्या तरी सोलताना बारीक तुकडे निघून येतात, उरलेले खारं पाणी काढतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मी होड्यांवर नावं रंगवत आलोय, सगळी ऑइल पेंटने. पावसाळी बंदीत होडी वर ओढलेली असते, तेव्हाच लाकूड नीट सुकवून, घासून, नारळी पौर्णिमेच्या आत पेंटरकडून लिहून घ्या. नाव हवं तेवढं फराटेदार असू दे. नोंदणी क्रमांक मात्र सरळ, ठळक. गस्तीच्या बोटीवरून वाचता आला पाहिजे.