'नकटा' : एवढं मोठं नाक असून?

प्रश्न असा आला आहे : भारतातल्या एका मोठ्या बदकाला मराठीत 'नकटा' म्हणतात, पण त्याच्या चोचीवर तर भलामोठा उंचवटा असतो. मग नकटा कसा? जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव 'नुक्ता' दिसतं. डोक्यावर काळे ठिपके असतात, म्हणून मूळ शब्द उर्दूतला नुक्ता, म्हणजे बिंदू, असावा का?

ठिपक्यांची कल्पना मोहक आहे हे मान्य. या पक्ष्याचं डोकं आणि मान पांढरी, आणि त्यावर शाई झटकल्यासारखे काळे शिंतोडे. पण ही वाट स्पेलिंगने चुकवलेली आहे. जुने इंग्रज आपल्या ऱ्हस्व 'अ'साठी 'यू' लिहीत. पंजाबच्या, कच्छच्या, सतीच्या जुन्या स्पेलिंगात तोच 'यू' बसला आहे, म्हणून कुणी पुंजाब किंवा सुती म्हणत नाही. शिवाय त्यांच्या 'टी'त आपला 'त'ही मावतो आणि 'ट'ही. तेव्हा शिकाऱ्याने कानाने ऐकलं 'नकटा', कागदावर उतरवलं त्याच्या पद्धतीने, आणि शंभर वर्षांनी आपण ते नुक्ता असं वाचतो. हिंदीतही नाव नकटाच आहे.

दुसरी शक्यता जास्त विचार करायला लावते. नाक अधिक 'टा' असा प्रत्यय मानला तर? रोग असलेला तो रोगट, क्षार असलेलं ते खारट, तसा नाक असलेला तो नकटा! कानाचं 'कनपटी'त जसं 'कन' झालं, तसं नाकाचं 'नक' होणंही अवघड नाही. मला मात्र हे पटत नाही. एखादा अवयव ठळक असला की मराठी 'आळ' लावते : केसाळ, दाताळ, मिशाळ. मोठ्या नाकाच्या माणसाला आपण नाकाड्या म्हणतो. आणि ज्या भाषेत 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' घरोघर ऐकू येतं, तिथे नकटा म्हटल्यावर कुणाला लांब नाक आठवेल?

म्हणजे शब्द तोच, नाक कापलेला किंवा बसक्या नाकाचा. मग पक्ष्याकडे नीट बघायला हवं. उंचवटा फक्त नराला असतो. मादीची चोच साधी, इतर बदकांसारखी. नराचा उंचवटाही बारा महिने सारखा नसतो : पावसाळ्यात, विणीच्या हंगामात तो फुगतो आणि पुढे आक्रसतो. शिवाय तो दोन्ही बाजूंनी दाबलेला, चपटा असतो. बाजूने पाहिलं तर प्रचंड, समोरून पाहिलं तर पात्यासारखा. थव्यातली निम्मीअधिक पाखरं खरोखरच 'नकटी' असतात आणि मधे एखादा नर असतो 'नाकापेक्षा मोती जड' अशा थाटाचा. अशा पक्ष्याला नकटा म्हणण्यात गावकऱ्यांनी थट्टा केली असावी, असं माझं मत. विहिरीवर बसून गावातल्या माणसांना नावं ठेवणारी हीच मंडळी, पाखरांना कशी सोडतील?

शास्त्रज्ञांनी मात्र थट्टा केली नाही. थॉमस पेनंटने 1769 साली श्रीलंकेतल्या पक्ष्यावरून या जातीचं वर्णन केलं. तिचं नाव सार्किडिऑर्निस मेलानोटोस. ग्रीकमधून त्याचा अर्थ काढला तर 'मांसल गोळ्याचा, काळ्या पाठीचा पक्षी'. काळी म्हणायची, पण ऊन पडलं की त्या पाठीवर निळी-हिरवी झाक खेळते. इंग्रजी नावात तो उंचवटा कोंबड्याचा तुरा झाला आहे. म्हणजे ग्रीकला मांस दिसलं, इंग्रजीला तुरा, आणि आपल्याला नाक, तेही नसलेलं!

हा पक्षी भारतीय उपखंडाखेरीज आग्नेय आशियात, सहारापलीकडच्या आफ्रिकेत आणि मादागास्करमध्येही आहे. बदक असून झाडावर बसतो आणि पाण्याजवळच्या जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. पिल्लं उबून बाहेर आली की ढोलीतून थेट खाली उड्या टाकतात. राजस्थानात भरतपूरला पावसाळ्यात हे बघता येतं. आवाज जवळजवळ नाहीच. नर फार तर घशातून फुसफुसतो. एका नराच्या दोन-चार माद्या असतात आणि कधी कधी त्या एकाच ढोलीत अंडी घालतात. इथल्या नकटीच्या लग्नाला विघ्नं येत असतील असं वाटत नाही.

आता वापराबद्दल. 'नकटा बदक' असं लिहिलेलं दिसतं, ते मराठी कानाला खटकतं, कारण बदक आपल्याकडे नपुंसकलिंगी. 'नकटं बदक' म्हणावं तर नाक नसलेलं कुठलंही बदक असा अर्थ निघतो. त्यापेक्षा नकटा हे सरळ नाम म्हणून वापरावं, पुढे बदक जोडूच नये : तळ्यावर एक नकटा आणि तीन नकट्या दिसल्या.