ती का रडली?

प्रिय,

तुझा रात्री दीडचा मेसेज वाचला. चार वर्षांची लेक कार्टून बघत होती, तुझी पाठ वळली आणि पुढचा व्हिडिओ भलताच लागला. तू ओरडून फोन हिसकावलास, ती रडली. आता विचारतोस, कुठलं ॲप टाकू, किती दिवस बंदी घालू, चुलत भावंडांकडे पाठवणं थांबवू का.

ती का रडली, हे नाही विचारलंस. व्हिडिओला घाबरून, की तुला?

कुलपं लाव, नको म्हणत नाही. ऑटोप्ले आजच बंद कर. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, कमी तितकं बरं. तेवढं पाळ. पण कुलपांवर विसंबू नकोस. 2017 मध्ये यूट्यूबवर मुलांच्या लाडक्या कार्टून पात्रांचे हिंसक, किळसवाणे व्हिडिओ सापडले, तेव्हा त्यातले काही खास मुलांसाठी काढलेल्या ॲपमध्येही शिरले होते. यंत्राच्या चाळणीतून असं निसटतंच.

म्हणून एकच गोष्ट धरून ठेव. काहीही दिसलं, कुणी काहीही दाखवलं, तरी पोर आधी आपल्याकडे आली पाहिजे.

माझं ऐक. मुलगा सात वर्षांचा असताना मोठ्या पोरांनी त्याला कसलंसं मासिक दाखवलं. तो धावत माझ्याकडे आला आणि एका शब्दाचा अर्थ विचारला. धावत आला होता रे! मी मुस्काटात मारली. त्यानंतर आमच्या घरात असलं काही शिरलं नाही, असं मी कितीतरी वर्षं मिरवत होते. शिरलं असणारच, माझ्या कानावर आलं नाही इतकंच. तिशीत आल्यावर एकदा सहज म्हणाला, "तुला सांगून उपयोग नसायचा."

मी तरी काय करणार होते? दिवसभर नोकरी, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, आणि माझ्या लहानपणी असल्या प्रश्नाला थप्पड हेच उत्तर असायचं. वाईट आई नव्हते मी. असो, हे तुला कशाला सांगत बसले.

तिच्या शेजारी बस आणि ती बघते ते तूही बघ. शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकव, म्हणजे सांगायची वेळ आली तर तिच्याकडे शब्द असतील. "हे बाबांना सांगू नकोस" असं कुणी म्हणालं, तर तेच आधी सांगायचं, हे पुन्हापुन्हा सांग. भावंडांकडे जाऊ दे, पण सुरुवातीला तूही जा.

आणि गाडी चालवताना तू ज्या शिव्या घालतोस, त्यांचं काय? मागच्या सीटवर तीच असते ना? 1961 साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 72 लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातल्या अनेकांनी तो तसाच बडवला, वर त्याचेच शब्दही उच्चारले. तिथे मोबाइल नव्हता.

पण पुन्हा सांगते, ती आपल्याकडे आली पाहिजे. तू ओरडलास की तो रस्ता बंद. माझा झाला.

आता तिला उठवू नकोस. सकाळी मांडीवर घे, "काल मी ओरडलो, चुकलं माझं" म्हण, आणि मग गप्प बस. ती काय म्हणते ते मला कळव. ॲपची यादी पाठवू नकोस.