ब्रह्मपुत्र फुगला की ब्रह्मपुत्रा फुगली?

प्रश्न असा आहे: ‘आसाममधल्या पुराची बातमी मराठीत लिहिताना “ब्रह्मपुत्रा फुगली” लिहावं की “ब्रह्मपुत्र फुगला”? आणि नदी पुल्लिंगी असते तरी कशी?’

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू. संस्कृतात ‘नदी’सारखाच ‘नद’ हाही शब्द आहे आणि शोण, सिंधू, ब्रह्मपुत्र हे नद मानले जातात. सिंधूबाबत तर अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशानेच दोन्ही सोयी ठेवल्या आहेत: विशिष्ट नद, देश किंवा समुद्र या अर्थी पुल्लिंगी, नुसती नदी या अर्थी स्त्रीलिंगी.

पूर्वेकडे वाहते ती नदी, पश्चिमेकडे वाहतो तो नद, अपवाद फक्त नर्मदेचा, असा एक नियम जुने टीकाकार सांगतात. ऐकायला छान आहे, पण आपली तापी काय करायची? आणि ब्रह्मपुत्र तर तिबेटात पूर्वेला वाहतो, नामचा बरवा पर्वताला वळसा घालून अरुणाचलात उतरतो, आसामात पश्चिमेला वळतो आणि बांगलादेशात दक्षिणेला. या नियमाने वाटेत दोनतीनदा लिंग बदलावं लागेल!

गंमत म्हणजे लिंग खरोखर बदलतं, पण दिशेमुळे नाही, नावामुळे. तिबेटात तो यार्लुंग त्सांगपो. (त्सांगपो म्हणजेच मोठी नदी, तेव्हा ‘त्सांगपो नदी’ हा पिवळा पीतांबर झाला.) अरुणाचलात सियांग. पुढे दिबांग आणि लोहित मिळाल्यावर ब्रह्मपुत्र, आसामी माणसाच्या तोंडी लुइतसुद्धा. बांगलादेशात मुख्य प्रवाहाचं नाव जमुना. बंगालीत ‘ब्रह्मपुत्र नद’, पण ‘जमुना नदी’. तिथे १७८७च्या तिस्तेच्या महापुरानंतर मुख्य पाणी हळूहळू जमुनेच्या पात्रात गेलं. मैमनसिंगजवळून वाहणारा जुना, आता रोडावलेला फाटा मात्र अजून ब्रह्मपुत्रच, म्हणजे नदच. चीनने पूरकाळातली पाणीपातळी, विसर्ग आणि पावसाची माहिती भारताला द्यावी म्हणून २००२ साली करार झाला, त्याच्या शीर्षकातही दोन नावं तिरप्या रेघेने शेजारीशेजारी बसवली आहेत: यालुझांगबू/ब्रह्मपुत्र. (यालुझांगबू हे यार्लुंग त्सांगपोचंच चिनी रूप.) पाणी एकच, पण कागदावर कुणी आपलं नाव सोडलं नाही.

आता मराठीची अडचण. बंगाली आणि आसामी क्रियापदाला लिंग नसतं. तिथे ‘नद’ म्हटलं की काम संपलं, पुढे फुगला-फुगलीचा प्रश्नच येत नाही. मराठीत मात्र प्रत्येक वाक्यात हिशेब चुकता करावा लागतो. गोदा, कृष्णा, कोयना, मुळा, मुठा यांत वाढलेल्या जिभेने मग आपसूक ‘ब्रह्मपुत्रा’ करून टाकलं. हा ‘योगा’, ‘केरला’सारखा इंग्रजी स्पेलिंगचा प्रताप आहे असं काही जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ‘केरला’चं आपण ‘केरलेत’ करत नाही, पण ‘ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात’ बिनदिक्कत म्हणतो. म्हणजे शब्द मराठीच्या साच्यातून नीट फिरून आला आहे. व्युत्पत्तीने मात्र तो चुकीचाच. ब्रह्मदेवाची मुलगी म्हणायची तर ‘ब्रह्मपुत्री’ हवं.

बरं, स्त्रीलिंगासाठी शेवटी ‘आ’ लागतोच असंही नाही. सतलज फुगते, झेलम वाहते. तरी ‘ब्रह्मपुत्र फुगली’ म्हणताना जीभ अडखळते, कारण आतला ‘पुत्र’ ऐकू येतो.

मी स्वतः ‘ब्रह्मपुत्र फुगला’, ‘ब्रह्मपुत्राच्या काठी’ असं लिहितो. ते जड वाटलं तर ‘ब्रह्मपुत्र नदी फुगली’ म्हणा, क्रियापद ‘नदी’च्या मागे जाईल आणि पुत्रही शाबूत राहील. बोलताना कुणी ‘ब्रह्मपुत्रा’ म्हटलं तर मी टोकत नाही, शाळेत मीही तेच पाठ केलं होतं. एकाच बातमीच्या मथळ्यात ‘ब्रह्मपुत्र’ आणि मजकुरात ‘ब्रह्मपुत्रेला पूर’ एवढं मात्र टाळा.