मेस्त्रींना विचारा: कोपऱ्यातली फट

प्रश्न: मेस्त्री काका, हॉलला एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) नक्षीदार स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात ती पट्टी, मीच बसवली. सगळे तुकडे ४५ अंशांवर कापले, तरी आतल्या प्रत्येक कोपऱ्यात फट राहिली. पुट्टी भरली, तर काही दिवसांत तिथेच चीर पडली. करवत बिघडली असेल का?

उत्तर: करवतीला बोल लावू नका. तिला ४५ सांगितलं, ती ४५ कापते. कोपरा ९० अंशांचा आहे का, हे तिला कोण सांगणार? कोपऱ्यात थापी मोकळी फिरत नाही, प्लास्टर तिथे जाडसर बसतं. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा. कोपरा ९२चा निघाला, तर १५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत पाऊण मिलिमीटरची फट आलीच. रंग दिल्यावर ती केसासारखी काळी उठून दिसते.

नक्षीदार पट्टीला आतल्या कोपऱ्यात ४५-४५चा जोड द्यायचाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली पट्टी सरळ कापून थेट भिंतीला भिडवा. दुसरीचं टोक आधी ४५लाच कापा, पण हा काप जोडासाठी नाही. त्याने दर्शनी बाजूच्या कडेवर नक्षीची रेघ उघडी पडते. ती पेन्सिलने गडद करा आणि बारीक पात्याच्या कोपिंग सॉने (वळणं कापायच्या हातकरवतीने) तिच्यावरून कोरत जा. पातं थोडं तिरकं धरा, म्हणजे मागचं लाकूड जास्त निघेल आणि फक्त पुढची कड टेकेल. खालचा सपाट भाग साध्या करवतीने घ्या. गोलाईवर गोल कानस फिरवा. आता ही कड पहिल्या पट्टीच्या नक्षीवर चपखल बसते. कोपरा ८८चा असो की ९२चा, फारसा फरक पडत नाही. लांबी मापापेक्षा मिलिमीटरभर जास्त ठेवा. पट्टी मधे किंचित बाक देऊन बसवली, की टोक आपोआप दाबून राहतं.

एमडीएफची पातळ कड मात्र फार नाजूक. घाई केली की तुकडा उडतो, म्हणून शेवटचा मिलिमीटर कानशीनेच काढा. पट्टी साधी चौकोनी असेल, तर ही सगळी कसरत नको, एकीला दुसरी सरळ भिडवा.

बाहेरच्या कोपऱ्याला ४५सारखाच जोड लागतो, पण खरा कोन मोजून. भिंतीला पट्टीचा तुकडा टेकवून त्याच्या बाहेरच्या कडेने जमिनीवर कोपऱ्यापलीकडे जाईल अशी रेघ मारा. दुसऱ्या भिंतीवरून तसंच करा. दोन रेघा जिथे छेदतील तिथून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ, तोच तुमचा काप.

पुट्टीचं म्हणाल, तर ती कडक आणि पट्टी हवेतल्या ओलाव्याने हलणारी. त्यामुळे चीर पडणारच. वरच्या कडेला रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट वापरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग टिकत नाही.

प्रश्न: लादी पुसून पुसून स्कर्टिंग खालून फुगली आहे. पुट्टी लावून घासू का?

उत्तर: नाही. फुगलेलं एमडीएफ परत बसत नाही, तो तुकडा बदला. नवीन पट्टी लावण्याआधी खालची कड, मागची बाजू आणि कापलेली टोकं, तिन्हीकडे प्रायमर द्या. कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं आणि नेमकं तेच सगळे विसरतात. जमिनीपासून दोन मिलिमीटर वर ठेवून बसवा आणि ती फट सीलंटने भरा. पण खाली लाकडी फ्लोअरिंग असेल, तर ती फट मोकळीच सोडा. फळ्यांना फुगायला भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर जागा लागते, आणि तीच स्कर्टिंगखाली झाकलेली असते. म्हणून तिथे स्कर्टिंगचा खिळा भिंतीतच जाऊ द्या, फ्लोअरिंगमध्ये कधीच नको.