प्राथमिक शिक्षकाने एम.ए. शिक्षणशास्त्र करताना कृती संशोधन घ्यावं का? विषय कसा निवडावा?

घ्यावं. कृती संशोधन म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतःच तपासायची आणि सुधारायची. फक्त गाईडच्या, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाच्या, तावडीतून ते जिवंत बाहेर यायला हवं. माझं अर्धंच आलं.

मी ऐरोली-दिघा पट्ट्यातल्या पालिकेच्या शाळेत शिकवते. एम.ए. नोकरी सांभाळून केलं, रविवारी संपर्कसत्राला ठाण्याला जाऊन. तेव्हा माझ्याकडे तिसरीची ३८ मुलं होती. पहिल्या चाचणीत ५२ वजा २७ असं गणित होतं आणि १४ जणांनी उत्तर लिहिलं ३५. कॉपी म्हणावी तर बाकं वेगवेगळी. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. वरचा अंक कुठला, खालचा कुठला, बघायचंच नाही.

पहिल्या फेरीत मी काड्यांचे गठ्ठे आणले. गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या केल्या की सगळ्यांचं उत्तर बरोबर, २५. वही उघडली की बारा जणांचं पुन्हा ३५. तीन आठवडे यात गेले.

मग शिकवणं थांबवलं आणि एकेकाला जवळ बसवून गणित मोठ्याने बोलत करायला सांगितलं. एका मुलीची आई तुर्भ्याच्या मार्केटमधून माल आणून नाक्यावर भाजी विकते. ती मुलगी म्हणाली, "बाई, दोनातून सात कसे जाणार? तुम्हीच सांगितलंय ना, मोठ्यातून लहान काढायचं." सांगितलं होतं! पहिलीपासून हाच वर्ग माझ्याकडे, आणि एक अंकी वजाबाकी शिकवताना हे वाक्य मी रोज म्हणायचे. पोरं माझाच नियम इमानाने पाळत होती.

तिलाच विचारलं, ५२ रुपयांतले २७ दिले तर किती उरले? "पंचवीस. दहाची नोट सुट्टी करायची, बाई." पुढच्या फेरीत काड्या गेल्या, खेळण्यातल्या नोटा आल्या, आणि 'दशक सुटा करा' ऐवजी मी 'नोट सुट्टी करा' म्हणू लागले. बारातले नऊ सुटले.

हे सगळं लिहून गाईड सरांकडे नेलं. "मॅडम, स्वतःची चूक कोणी रिपोर्टात लिहितं का? आणि नियंत्रित गट कुठेय? टी-मूल्य कुठेय?" नियंत्रित गट म्हणजे तुलनेसाठी नवा उपाय न करता तसाच ठेवलेला दुसरा गट, आणि टी-मूल्य म्हणजे दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासायचा आकडा. अहो, एकच तुकडी माझी. दुसरी असती तरी काय, तिला मुद्दाम ३५ लिहीत ठेवायचं? 'तुम्हीच सांगितलंय'चं पान सरांनी काढायला लावलं आणि मी मुकाट्याने काढलं. तो राग अजून आहे.

कर्ट लेविनने १९४६ मध्ये कृती संशोधनावर लिहिलं ते समाजातल्या अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसंदर्भात. शाळेपुरता तो विचार पुढे नेला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजातल्या स्टीफन कोरीने. त्याचं १९५३ चं म्हणणं साधं आहे: करणाऱ्याचं स्वतःचं काम सुधारलं का, यावर या संशोधनाचं मोल ठरतं. म्हणजे सरांनी काढायला लावलेलं पान हेच माझं संशोधन होतं. हे मला तेव्हा तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतेय. नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन हे चक्र सगळ्यांना पाठ असतं, पण रिपोर्टांत फेरी एकच असते आणि ती हमखास यशस्वी होते. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, तसल्या रिपोर्टांत तर नक्कीच.

तुमच्या विषयाचं म्हणाल तर 'वाचन कौशल्याचा विकास' असलं गलेलठ्ठ काही घेऊ नका. चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा उघडा आणि बऱ्याच जणांनी एकसारखी केलेली चूक शोधा. आणि गाईड ठरण्याआधी विचारा, "सर, तिसरीच्या वर्गावर शेवटचे कधी उभे होतात?"

आता सरांची बाजूही सांगते. लघुप्रबंधाला बहुतेकदा संख्याशास्त्र लागतं आणि टी-चाचणी काही वाईट नाही. विद्यापीठाच्या नमुन्यात नियंत्रित गट सक्तीचा असेल तर माझं ऐकून मार्क घालवू नका. नोटांची युक्तीही सगळीकडे चालेल असं नाही, माझ्या वर्गातली बरीच मुलं घरच्यांसोबत विक्रीला बसणारी होती. आणि उरलेले तीन जण वर्ष संपेपर्यंत ३५ च लिहीत होते. त्यांच्यावरचं पान सरांनी ठेवू दिलं.