शाळेला ताप कळवायचा की खरं सांगायचं?

लेस्टरहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. "काकू, जानेवारीच्या शेवटी इंडियात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, दिरांनी हॉल बुक केलाय, दोन्ही मुलांचे शाळेचे आठ दिवस बुडतील. मैत्रिणी म्हणतात ताप आलाय म्हणून कळव, सगळे तेच करतात. मुलीची हजेरी तर ९८ टक्के आहे, तरी दंड होईल का?"

अगं, होऊ शकतो. इंग्लंडमध्ये सकाळ-दुपार मिळून एक दिवस म्हणजे दोन हजेऱ्या, आणि दहा आठवड्यांत दहा हजेऱ्या विनापरवानगी बुडाल्या की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. पहिल्यांदा असेल आणि २१ दिवसांत भरलास तर ८० पौंड, नाहीतर १६०, तेही प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे, म्हणजे तुम्ही दोघं आणि मुलं दोन, ८० नेच सरळ ३२० झाले. तीन वर्षांत तिसऱ्यांदा केलंत तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. "बाकी हजेरी चांगली आहे" हे म्हणून बघितलंय लोकांनी, मुलीला फ्लोरिडाला नेणारा एक बाप २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला तो ह्याच मुद्द्यावर. (स्कॉटलंडला असतीस तर हा दंडच नव्हता, पण आता काय.)

पण पैशाचं राहू दे, मला राग आला तो तापावर.

आम्हीही हेच केलंय. २०१५ चा डिसेंबर, नाशिकला भाच्याचं लग्न, ह्यांनी शाळेला ईमेल टाकली की व्हायरल आहे. दोन दिवसांनी शाळेचा फोन आला तेव्हा मागे ताशा वाजत होता, ह्यांनी घाईघाईने कापला. त्याचंही काही नाही, मोठ्या माणसांची फजिती, हसून सोडून दिली. पण लेक सात वर्षांची, हातभर मेंदी काढलेली, आणि विमानात आम्ही तिला शिकवतोय की बाळा, मॅडमना आजारी होते म्हणून सांगायचं. आठवडाभर पोरगी कार्डिगनच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून बसली. पीईच्या वेळी कपडे बदलताना मॅडमना मेंदी दिसली, त्या म्हणाल्या किती सुंदर, तर ही रडायलाच लागली. तिची ती वही अजून माझ्याकडे आहे, सुट्टीत काय केलं त्याच्या पानावर लिहिलंय की मी झोपून होते आणि सूप प्यायले. वरातीत शेवटपर्यंत नाचलेली मुलगी गं ती!

तेव्हा तू सरळ हेडटीचरना अर्ज कर, तिकीट काढायच्या आधी. २०१३ पासून अपवादात्मक कारण असल्याशिवाय त्यांना रजा देता येत नाही, पण अपवादात्मक काय ते ठरवणं त्यांच्याच हातात असतं. आजी ऐंशीच्या पुढे गेली, घरातले सगळे जमणार, विधी काय असतो, हे चार ओळींत लिही, आणि आठ नको, तीन-चार दिवस माग. नाहीच म्हणाले तर दंड भर आणि खरं बोलून जा. त्याआधी दिरांशी एकदा बोल, गुरुजींना विचारून कार्यक्रम फेब्रुवारीच्या हाफ टर्ममध्ये, म्हणजे मधल्या आठवडाभराच्या सुट्टीत, बसतोय का बघा, हॉलवाल्याला तारीख बदलून मागायला काय लाज? तिकीट महाग पडेल, माहितीये, आपण सगळेच रडतो त्यावर.

अभ्यास मागे पडेल म्हणतेस, इयर टूच्या, सहा-सात वर्षांच्या पोराचा काय अभ्यास पडतोय मागे. सासूबाई रुसतील ह्यावर मी काही बोलत नाही, माझ्या अजून रुसलेल्या आहेत.

आणि लेकीला मेंदी कोपरापर्यंत काढू दे.

हो, पेढे-बर्फीचं विचारलं होतंस, दुधाचे पदार्थ इंडियातून इकडे आणायला बंदी आहे, तिथेच खाऊन या.