मित्राची सायकल घेऊन ट्रायथलॉनला उतरताय? आधी त्याची सीट खाली करा

प्रश्न: जवळचा मित्र नोव्हेंबरमध्ये गेला. वहिनींनी त्याची सायकल मला दिली. तिच्यावरच, त्याच्या नावाने, गोव्याची ७०.३ (हाफ आयर्नमॅन: १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं) करायची आहे. आठ महिने आहेत. सायकलला अजून हात लावला नाही, जशी आहे तशीच ठेवायची आहे. नागपुरात राहून तयारी कशी करू? स्पर्धेनंतर दहाव्या दिवशी त्याचं वर्षश्राद्ध येतं, त्या पहाटे आम्ही सगळे २१ किमी धावणार आहोत. तोवर रिकव्हरी होईल का?

उत्तर:

‘जशी आहे तशीच’ हे शब्द वाचले म्हणून लिहायला बसलो. तयारीचे तक्ते तर ढिगाने मिळतात.

भाऊ, सायकल जशी आहे तशी ठेवायची असेल तर भिंतीला टांगा. चालवायची असेल तर ती तुमच्या मापाची करा. ९० किमी एका माणसाच्या मापात बसून दुसऱ्याने चालवायचे नसतात.

माझ्याकडेही अशीच एक आली होती. मित्र पाच फूट अकरा, मी पाच सहा. फ्रेम ५६ ची. ग्रुपमधले चौघे म्हणाले, ‘त्याचं सेटिंग हलवू नको, तेवढंच तर उरलंय.’ दोन महिने मी ऐकलं. डाव्या गुडघ्याची मागची बाजू दुखायला लागली आणि ४० किमीनंतर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. दोन्हीचं कारण एकच, त्याचं सेटिंग: सीट उंच, हँडल लांब. सीट उंच असली की पाय खाली पोचताना गुडघा पूर्ण सरळ होतो, मागचे स्नायू ओढले जातात, कंबर डावी-उजवी हलते. हँडल लांब पडलं की अंगाचा भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर येतो आणि तिथून जाणारी नस दाबली जाते. उलट, गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे आहे.

माप असं घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांमध्ये वर दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो आस) मध्यापासून, सीट ट्यूबच्या रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंत ते अंतर. माझं ७८ सेंमी, म्हणजे सीट ६८.९ वर. मित्राचं ८४, म्हणजे ७४.२. आणि सायकल आली तेव्हा सीट होती ७५.६ वर.

म्हणजे त्याच्या स्वतःच्या मापापेक्षाही ती १.४ सेंमी उंच होती. चार वर्षं आमचा हाच वाद. मी मागून चालवायचो, त्याची कंबर हलताना दिसायची. मी म्हणायचो सहा मिलीमीटर तरी उतरव, तो म्हणायचा, ‘काऊन बे, पाय मोकळा झाला पाहिजे, ताकद तिथूनच येते.’ ताकद तिथून येत नाही. पाय ताणला की पेडल खाली जाताना दाब सुटतो. पण तो बोटाएवढंही हलला नाही. सीटपोस्टवर (सीटखालचा दांडा) त्याने काळ्या इन्सुलेशन टेपचा एक फेरा मारून ठेवला होता, कुणी हलवलीच तर परत तिथे आणायला.

सीट उतरवण्याआधी तुम्हीही त्याची सगळी मापं कागदावर लिहून घ्या: सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर, स्टेमची (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लांबी, स्टेमखालच्या कड्या म्हणजे स्पेसर, एरोबारच्या (कोपर टेकवून वाकायच्या पुढच्या दांड्या) पॅडमधलं अंतर. कधी परत लावायची झाली तर लागतील. आठवण अशी जपायची, गुडघा देऊन नाही.

सीटपोस्ट निघत नसेल तर पकडीने पिळू नका. कार्बन फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर घाम आणि दमटपणामुळे तो आत धरून बसतो. क्लॅम्प सैल करा, कडेने पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी पोस्टभोवती बर्फाची पिशवी गुंडाळा. ॲल्युमिनियम थंडीने आकसतं, कार्बन जवळपास नाही, तेवढ्या फरकात तो सुटतो. परत बसवताना ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. बोल्ट क्लॅम्पवर छापलेल्या आकड्यालाच घट्ट करायचा, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर उधार आणा. हाताच्या अंदाजाने कार्बन फुटतो.

आता हँडलबार, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. मित्र तीन पावसाळे कूलरसमोर ट्रेनरवर (घरात सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) ही सायकल चालवत होता. ट्रेनरवर रस्त्यासारखा वारा अंगावरून जात नाही, घाम सरळ हँडलवर गळतो. बार टेप उलगडली तर आतून पांढरी पूड सांडली, मिठासारखी. बोटाने पुसली तर खाली ॲल्युमिनियमला खड्डे. एक, उजव्या ब्रेक लिव्हरच्या क्लॅम्पखाली, नखाचं टोक बसेल एवढा खोल. मिठाचं पाणी टेपखाली अडकलं, वाळलं, परत भिजलं, आणि क्लॅम्पची जागा सगळ्यात जास्त ताण घेणारी. असा बार वाकत नाही, एकदम तुटतो, बहुधा रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक आदळून हात दाबलेला असताना. सीताबर्डीतल्या मिस्त्रीने नुसतं वर धरून दाखवलं आणि म्हणाला, याची टेप परत माझ्याकडून गुंडाळून घेऊ नका.

ज्या चौघांनी हलवू नको म्हटलं होतं, त्यांनी टेप कधीच उलगडली नव्हती.

म्हणून तुमच्या सायकलची टेप पहिल्या दिवशी काढा. ती ट्रेनरवर चाललेली असेल तर नक्कीच. बारसोबत स्टेमचे बोल्ट तपासा, गंजलेले सरळ बदला. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, दाणे जाणवले तर हेडसेटचे बेअरिंग गेले. टायर दिसायला नवा असला तरी अंगठ्याने वाकवून बाजूला बारीक तडे दिसतात का बघा. नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत बाल्कनीतला टायर कडक होतो. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) सुकलेलंच समजा. चेन मोजायच्या पट्टीवर ०.५ च्या पुढे गेली असेल तर चेन बदला, त्याहून फार पुढे असेल तर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्या). क्रँक (पेडलचा दांडा) १७२.५ मिमीचा असेल आणि तुमची उंची माझ्याएवढी असेल तर १६५ लावा. एरोबारवर वाकल्यावर मांडी पोटाला कमी लागते, श्वास मोकळा राहतो. मात्र क्रँक जेवढा आखूड कराल तेवढीच सीट वर घ्यावी लागते.

स्टेम ११० मिमीचा ९० करता येतो, ८० ही चालेल. त्याहून आखूड केला की हँडल चंचल होतं. ८० लावूनही हात ताणले जात असतील तर फ्रेमच मोठी आहे, मग ती सायकल स्पर्धेला नेऊ नका. त्याच्या बाटलीचे केज आणि हेडसेटची टोपी काढून स्वतःच्या सायकलला लावा. तेही त्याचंच आहे, आणि त्याने मान दुखत नाही.

तयारीचं विचारलंत, थोडक्यात सांगतो. आठवड्याला ८ ते १० तास. तीन वेळा पोहणं, तीन वेळा सायकल, तीन वेळा धावणं, त्यातली एक सायकल-धावणं जोडून. बहुतेक सगळं बोलता येईल अशा गतीने. लांब राइड वाढवत १०० किमीपर्यंत, लांब धावणं १८ पर्यंत. रामटेकला जाऊन-येऊन साधारण शंभर होतात. अमरावती रोडने कोंढाळीही तेवढंच, चढउतार जास्त. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, पहाटे कोण बघतं म्हणून घुसू नका. पोहण्यासाठी पूलच. १.९ किमी म्हणजे २५ मीटरच्या पुलात ७६ वेळा. दर सहा-आठ हातांनी मान वर करून समोर बघायची सवय तिथेच लावा, समुद्रात तळाला काळी रेघ नसते. अंबाझरी-फुटाळा तलावांत सरावाला उतरू नका, वेली आहेत आणि बाजूला होडी नाही. समुद्राची ओळख स्पर्धेआधी दोन दिवस गोव्यात गेलात तर होते.

एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेचारला निघा, आठच्या आत घरी. आणि एक लक्षात ठेवा: आपल्याकडे घाम दिसत नाही, कोरड्या हवेत उडून जातो. म्हणून वजन करा. माझा एक आकडा: निघताना ७१.२, दोन तासांनी ६९.६, मधे दीड लिटर प्यालो. गेले १.६ आणि प्यालेले १.५, म्हणजे ३.१ लिटर, तासाला दीड लिटरहून थोडा जास्त. सगळा भरून काढायचा नाही, तासाला ८०० मिली ते १ लिटर बस. परत आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय. अंगठी घट्ट, डोकं जड, मळमळ अशा वेळी अजून साधं पाणी पाजणं धोक्याचं, रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. गोव्यात उलटं असतं. घाम उडतच नाही, अंगावरून गळतो आणि थंडावा मिळत नाही, म्हणून तिथे हार्ट रेट इथल्यापेक्षा वर दिसेल. वेग कमी करा. पावसाळ्यात ट्रेनरवर कूलरचं पाणी बंद करून फक्त पंखा लावा, नाहीतर खोलीत वाफच साठते. आणि हँडलवर टॉवेल टाका. का, ते वर सांगितलं.

बाटली घरीच करा: ७५० मिली पाणी, ६० ग्रॅम साखर, चहाचा पाव चमचा मीठ, लिंबू. तासाला एक, आणि उरलेली तहान साध्या पाण्याने. पोट सवयीचं झालं की साखर वाढवता येते. स्पर्धेच्या आठवड्यात सावजी नको, हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागतं.

आता वर्षश्राद्ध. दहाव्या दिवशी २१ किमी? नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मांड्यांचं दुखणं जातं आणि माणसाला वाटतं झालं बरं. स्नायू बरे झालेले असतात, टाचेमागची जाड शीर (अकिलीस टेंडन) आणि नडगीचं हाड नसतं. पहिले तीन दिवस फक्त चाला, वीस-तीस मिनिटं. मग हलकं पोहणं, पाचव्या-सहाव्यापासून सपाट रस्त्यावर पाऊण तास सायकल. जिना उतरताना दुखत नसेल आणि सकाळची नाडी रोजच्यापेक्षा पाचाच्या आत असेल तर आठव्या दिवसानंतर वीस मिनिटं हळू धावा. तिसऱ्या आठवड्यात नेहमीचं सुरू. फुल आयर्नमॅन (याच्या दुप्पट अंतर) केलीत तर हे सगळं दुप्पट धरा. प्रत्येक जेवणात २०-२५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे नुसत्या तर्री पोह्यांनी भागत नाही, सोबत दही, पनीर किंवा अंडी. वेदनाशामक गोळी स्पर्धेआधी आणि स्पर्धेत घेऊ नका, पाणी कमी असताना मूत्रपिंडावर येतं. नंतर लघवी कोलाच्या रंगाची झाली तर थेट दवाखाना.

वर्षश्राद्धाच्या पहाटे सगळ्यांनी मिळून अंबाझरीला चालत चक्कर मारा. २१ त्याच्या वाढदिवसाला ठेवा, जर तो महिनाभर पुढे असेल. मंडळी म्हणतील, त्याच्यासाठी एवढं तरी. माझ्या चौघांनी हेच म्हटलं होतं, सीटबद्दल.

राहिलं ते: चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी. मधुमेह असेल तर साखरेचा वरचा हिशोब तुमच्यासाठी नाही. ०.८८३ हे सुरुवातीचं माप आहे, तिथून ३-३ मिलीमीटरने दोन आठवड्यांत एकदाच हलवा. आणि मित्राच्या पायाला जुनी दुखापत असेल तर त्याची उंच सीट कदाचित बरोबरही असेल, ते वहिनींना विचारा. माझ्या मित्राला नव्हती.

जुना हँडलबार भंगारात अख्खा देऊ नका, टेप गुंडाळून कुणीतरी परत विकतो. हॅकसॉने मधोमध कापा. ॲल्युमिनियम आहे, दोन मिनिटं लागतात. त्याचा काळ्या टेपचा फेरा मी सीटपोस्टवर तसाच ठेवलाय, पण क्लॅम्पखाली येत होता म्हणून वर सरकवला.